पिवळा जाळ

या, जरा जवळ सरका. असे भिंतीला टेकून बसा. पलीकडे भट्ट्या आहेत, पाठीला ऊब लागेल. टाळकऱ्यांचा चहा व्हायचाय, बुवा उभे राहायला अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. मी कीर्तनकार नव्हे, नुसता कीर्तनवेडा. सांगताना कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या. बारा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे, आज तुमच्यापुढं काढतो.

सप्ताहाचा शेवटचा, काल्याचा दिवस होता. सकाळचे साडेसहा झाले असतील. मी मधल्या भट्टीपुढं उकिडवा बसून अभ्रकाच्या खिडकीतून आत बघत होतो, आणि पाठीमागून केरूनाना म्हणाले,

"काय रं भानुदास, देव दिसला का आत?"

"जाळ बघतोय, नाना."

"जाळ बघाया खिडकी? आमच्या टायमाला जाळच आम्हाला बघायचा. मिशी करपली की समजायचं, पेटला म्हणून."

तांदूळ धुणाऱ्या बाया हसल्या. नानांनी आपली मिशी कुरवाळली आणि राखेची बादली उचलून ते ओढ्याकडे गेले. जाताना एकदा वळून भट्टीकडं बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

तोवर आमच्या वडगावच्या सप्ताहाचं जेवण ओढ्याकाठी शिजायचं. जमिनीत खणलेली लांब चुलाणं, बाभळीची लाकडं, आणि धूर असा की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा. देवळापाशी स्वयंपाक मांडला तर अर्धं कीर्तन खोकल्यात जायचं, म्हणून जुन्या जाणत्यांनी तो लांब नेलेला. तिथं चाळीस वर्षं केरूनानांनी जाळ घातला आणि तीस वर्षं कौसाकाकूनं आमटी केली. दोन हजार पानांची आमटी, मीठ हाताच्या अंदाजानं. पण तीस वर्षांत काल्याचं कीर्तन एकदाही तिच्या कानावर पडलं नव्हतं. ओढ्यापर्यंत नुसता मृदंगाचा धप्धप् आवाज यायचा.

मी आईविना वाढलो, तो काकूच्या भाकरीवर. काल्याच्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या उंबऱ्यावर बसून तिला सगळं कीर्तन परत करून दाखवायचो, बुवांच्या हातवाऱ्यांसकट. ती अर्ध्यातच थांबवायची. "पुरं. उरलेलं पुढल्या साली माझी मी ऐकंन," म्हणायची.

त्या साली तालुक्याच्या डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, बाईंनी कधी विडी ओढली नाही म्हणता, पण छाती विडी ओढणाऱ्याची आहे. परत धुरात उभ्या राहिल्या तर पुढचा सप्ताह बघायच्या नाहीत.

मी काकूला तसंच सांगितलं. ती निवडत होती ती डाळ खाली न ठेवता म्हणाली, "मग ह्या सालचा करते अन् जाते. देवाच्या दारचं सोडून घरी बसून मरू व्हय?"

तेव्हा मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. तालुक्याला एका मिठाईवाल्याकडं मी पेलेटची भट्टी बघितली होती. पेलेट म्हणजे भुसा आणि शेंगांची टरफलं दाबून केलेल्या बोटभर कांड्या. दिसायला अगदी जाड शेव. आमच्या बाया तिला शेवच म्हणायला लागल्या. भट्टी म्हणजे लोखंडी पिंप, पोटात भोकंभोकं असलेला जाळाचा घडा, खाली पंखा, आणि बाजूला पेरणीच्या पाभरीला असतं तसं चाडं, म्हणजे मोठं नरसाळंच. चाड्यात कांड्या ओतायच्या, त्या आपोआप आत घसरतात. मी वापरून बघायला म्हणून तीन आणल्या आणि देवळाच्या भिंतीला लागून मांडल्या. ज्यानं त्या बनवल्या त्यानं एकच गोष्ट बजावली: चाड्यात कांडीशिवाय दुसरं काही पडता कामा नये.

सप्ताहाचं सगळं दामूअण्णांच्या हातात. माणूस सरळ, पण भुकेल्या पंगतीला भिणारा. म्हणाले, "सात दिवस बघू भानुदास. पण काल्याला दगा दिला तर भट्ट्या माघारी जायच्या आणि चुलाणं पेटायची. नाना, तुमची लाकडं ओढ्यावर रचूनच ठेवा."

"रचलेलीच हायती," नाना म्हणाले.

पहिल्या दिवशी मी बटण शेवटापर्यंत फिरवून मोठा जाळ केला तेव्हा गाव गोळा झालं होतं. ऐका, तो जाळ कसा असतो ते. आधी पंखा हळू असतो तेव्हा ज्योत भगवी, आळशी, शेंड्याला काजळी. पंखा वाढवला की ती आखडते, उभी राहते. मग भगवेपणा जातो. फिकट, अगदी पांढरट होते, आणि बुडाशी बारीक निळी झाक. धूर नाहीसा होतो. काहिलीच्या, म्हणजे त्या मोठ्या कढईच्या कडेनं नुसती हवा थरथरते. घड्याची भोकं एकेक करून लाल होतात, कुंकवाची बोटं ओढल्यासारखी. आणि आवाज! तंबोऱ्यानं षड्ज धरून ठेवावा तसा एकच सूर, ना वर ना खाली. अर्ध्या तासात काहिलीच्या मधोमध पाण्याला उकळी फुटली. राख उरली ती विभूतीसारखी, ओंजळभर.

काकूनं पदर नाकावरून काढला, मान वर करून श्वास घेतला आणि म्हणाली, "अगं बया! बोलणं ऐकू येतंय." भिंतीपलीकडं प्रवचन चाललं होतं.

भट्टीला नानांनी दोनच दिवसांत 'फुरफुरी' नाव ठेवलं. जाळ घालायचं काम गेलं होतं, म्हणून ते राखेची बादली उचलायला लागले. ती बादली इतकी हलकी होती की बघून वाईट वाटावं.

दुसऱ्या दिवशी कीर्तनात बुवांनी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं. म्हणाले, यज्ञात धूर नसावा असं शास्त्र सांगतं, ते ह्या गावच्या भानुदासानं करून दाखवलं. सगळा मंडप वळून माझ्याकडं बघायला लागला. मला आभाळ ठेंगणं झालं. पण काकूचं तोंड उतरलं.

"येवढ्या लोकांत नाव घेतलं तुझं. बरं न्हवं."

"काकू, कौतुकच केलं की."

"कौतुकच तर केलं होतं माझ्या मुकुंदाचं." येवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. मुकुंदा तिचा एकुलता मुलगा. चार वर्षांचा असताना देवळात सबंध आरती म्हणून दाखवली होती त्यानं; सगळ्यांनी उचलून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताप आला आणि गेला. मी त्या विषयावर कधी बोलत नसे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मधल्या भट्टीत काहीतरी बिघडलं. मंद जाळावर काही कळायचं नाही. पोहे, चहा, भात, सगळं ठीक. पण आमटीसाठी मोठा जाळ केला की घटका-दीड घटकेनं तो सूर बदलायचा. षड्ज सुटायचा, पंखा चिरका ओरडायला लागायचा. ज्योत एका अंगाला कलायची, लांब आणि पिवळीधमक व्हायची, आणि काहिलीच्या बुडाला काजळी धरायची. निवल्यावर घडा उपसला की तळाशी हा येवढा खंगर. खंगर म्हणजे वीटभट्टीत अती तापलेली वीट कशी वितळून काचेसारखी होते, तसा हिरवट-काळा गोळा. त्यानं हवेची निम्मी भोकं बुजवलेली असायची. मी छिन्नीनं तो फोडायचो. आत पांढरे ठिपके असायचे.

मला कळेना. कांड्या तिन्ही भट्ट्यांना एकाच पोत्यातल्या. मग कडेच्या दोन धड आणि मधलीच का?

सहाव्या दिवशी सकाळी मी कांड्यांचं पोतं आणायला गेलो आणि परत आलो, तर केरूनाना मधल्या भट्टीपाशी वाकलेले. उजवा हात कोपरापर्यंत चाड्यात.

"नाना! काय करताय?"

त्यांनी हात झटकन बाहेर काढला. मूठ मिटलेली. "काय न्हाई. शेव किती उरली ते बघत होतो."

"मूठ उघडा."

"तुला काय मूठ उघडून दाखवू? तू जन्मला नव्हतास तेव्हापासून देवाचा जाळ घालतोय मी." आणि ते मूठ तशीच धरून ओढ्याकडे निघून गेले.

ती मूठ माझ्या डोक्यातून जाईना.

तर काल्याच्या दिवशी सकाळी मी स्वतः घडा घासून लखलखीत केला होता. नऊला भात उतरला, लापशी झाली. दहाला टाळ वाजले, बुवा उभे राहिले, आणि मी मधल्या भट्टीचं बटण शेवटाला नेलं. मोठी काहिली, दोन हजार पानांची आमटी. जाळ पांढरट झाला, बुडाशी निळी झाक आली, सूर लागला. काकू काहिलीपाशी मोठा डाव घेऊन उभी. हात काहिलीवर, कान भिंतीला. बुवांनी कृष्णाची कथा लावली होती. गाई चारायला गेलेले गोपाळ, मुंज गवताचं रान, आणि चहूकडून पेटलेला वणवा.

मी अभ्रकातून जाळ बघत होतो. मफलर कानाला गुंडाळलेला, शिवाय पंख्याचा आवाज. मागं कोण येतं-जातं कळत नव्हतं. काकू एकदा माझ्या पाठीशी येऊन गेली, पदर लागला येवढंच.

अकरा वाजायच्या आत सूर सुटला.

पंखा चिरकला. मी बघतो तर ज्योत पिवळी. नुसती पिवळी नाही, झेंडूसारखी. एका अंगानं ती काहिलीबाहेर आली आणि पाठोपाठ चाड्यातून धूर. काळा, कडू, सात दिवसांत पहिल्यांदाच. आमटीला नुकते कडेनं बुडबुडे येत होते, ते बसले. भिंतीपलीकडं कुणीतरी खोकलं.

दामूअण्णा धावत आले. "काय झालं? किती वेळ?"

"खंगर धरलाय. काढतो अण्णा."

"परवा काढला, काल काढला. बारा वाजता काला फुटतो. दोन हजार माणूस पानावर बसवून त्याला सांगू का, खंगर धरलाय म्हणून? बास झालं. नाना, चुलाणं पेटवा! आमटी तिकडं न्या. आणि ही लोखंडं उद्या सकाळी गावात दिसता कामा नयेत."

चौघं जण काहिलीचे दांडे आणायला धावले. आणि मी बघितलं, काकूनं पदर नाकातोंडावरून घेऊन मागं गाठ मारली, डाव खांद्यावर टाकला आणि ओढ्याच्या दिशेनं चालायला लागली. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आणि मलाच ठाऊक होतं. मला वाटलं, ही आता चालत मरायला निघाली.

त्या क्षणी माझी जीभ सुटली.

"अण्णा, खोट भट्टीत न्हाई! मुद्दाम बिघडवलीय कुणीतरी. कडेच्या दोन्ही धड आहेत बघा. काल मी डोळ्यांनी बघितलंय, केरूनानांचा हात चाड्यात होता. मूठ उघडा म्हटलं तर उघडली नाही. यांची लाकडं गेली, यांचा मान गेला, म्हणून देवाच्या जेवणात माती कालवली यांनी!"

सगळे थबकले. तांदळाचं पाणी सांडलं कुणाच्या तरी हातून. केरूनाना काडेपेटी हातात घेऊन उभे होते. सत्तरीचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ. आधी माझ्याकडं बघितलं. मग काकूकडं. ती वाटेत थांबून वळली होती, पदराच्या वर नुसते डोळे.

"नाना," दामूअण्णा म्हणाले, "माळेवर हात ठेवून सांगा. खोटं असंल तर भानुदासाचं थोबाड मी फोडतो."

नानांनी हात माळेपर्यंत नेला. तिथून खाली घेतला.

"माळेला कशाला मधी घेता," ते म्हणाले. "मीच टाकली. माती. रोज मूठभर."

"नाना!"

"भट्टीत खोट न्हाई, अण्णा. भट्टी नामी हाय. खोट माझ्यात. चुलाणं पेटवू नका. खंगर काढला की पुन्हा लागंल सूर."

एक बाई म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, देवाच्या अन्नात माती कालवलीस रे!" आणि मग सगळेच बोलायला लागले. दामूअण्णांचा आवाज चिरला. "निघा हितनं. पुन्हा ह्या स्वयंपाकाला शिवायचं न्हाई. सप्ताहाचं पान न्हाई तुम्हाला."

"जातो. येवढा खंगर काढून जातो."

आणि कुणाला न जुमानता त्यांनी चिमटा घेतला. आम्ही चौघांनी काहिली उचलून धरली. नानांनी तापलेल्या घड्यात वाकून एका पिळ्यात गोळा उपटून काढला. मिशी करपल्याचा वास आला. ओंजळभर नव्या कांड्या, वर कापराची वडी, पंखा हळूहळू. भगवा जाळ, मग पिवळसर, मग फिकट, मग पांढरा. सूर लागला. त्यांनी क्षणभर कान देऊन ऐकला.

"फुरफुरी," म्हणाले, आणि निघून गेले.

काकूनं पदराची गाठ सोडली. भिंतीपलीकडं बुवा सांगत होते: देव म्हणाला, गड्यांनो, घाबरू नका. फक्त डोळे मिटा. त्यांनी डोळे मिटले, आणि देवानं तो सगळा वणवा एका घोटात पिऊन टाकला. डोळे उघडले तर रान हिरवं.

काकू आमटी ढवळायची थांबली. तीस वर्षांनी तिला काल्याचं कीर्तन ऐकू येत होतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते धुराचं नव्हतं.

बाराला काला फुटला. सव्वाबाराला आमटी पानावर गेली. माणूस मागून मागून जेवला. दामूअण्णांनी भरल्या पंगतीत सांगितलं, पुढल्या साली भट्ट्याच. मला इतका आनंद झाला होता की नानांचं पान मोकळं आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

शेवटची पंगत उठली तेव्हा तीन वाजले असतील. वाढप्यांच्या चहासाठी मी मधली भट्टी पुन्हा मोठी केली होती आणि सवयीनं खिडकीपुढं बसलो होतो. मफलर मात्र उकाड्यानं काढून ठेवलेला. मागून काकू आली.

"हलू नकोस," म्हणाली. "आज तर लईच डोळे होते तुझ्यावर."

तिची मिटलेली मूठ माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून, पायापर्यंत उतरली. एकदा, दोनदा, पाचदा. ओठांत पुटपुटणं: आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची नजर जळून जाऊ दे. आणि मी वळायच्या आत तिनं मूठ चाड्यात सोडली. खडेमीठ आणि मोहरी.

आत मोहरी तडतडली. पांढऱ्या जाळाला बुडापासून शेंड्यापर्यंत झेंडूचा रंग चढला.

"बघ, बघ!" काकू हरखून म्हणाली. "कसा पिवळा भडका होतोय. येवढी नजर होती. रोज होतोय असा. दिवसाकाठी तीन-तीन वेळा काढते मी तुझी, त्या बुवांनी नाव घेतल्यापासनं. तुला सांगितलं असतं तर हसला असतास."

मी हसलो नाही. बटण बंद केलं, उठलो, आणि तसाच अनवाणी नानांच्या घराकडं गेलो.

नाना अंगणात बाजेवर बसले होते. पुढ्यात ताटलीत भाकरी आणि मिरची. मिशीची उजवी बाजू जळालेली.

मी म्हटलं, "नाना, मीठ होतं."

"कळलं व्हय तुला." त्यांनी घास गिळला. "मीठ पडलं की जाळ पिवळा होतो, हे चुलीपुढं बसणाऱ्याला शिकवाया लागतं? तरणा असताना वीटभट्टीवर होतो मी. खारी माती आली की वीट खंगर व्हायची. लाकडाच्या चुलीला काही होत न्हाई मिठानं. तुझी फुरफुरी नाजूक."

"काल तुमच्या मुठीत..."

"मीठच होतं. वेचून काढत होतो. ती टाकायची, मी वेचायचो. सगळं कसं निघंल? घसरतं आत."

"मग बोलला का नाहीत? मला नाहीतर काकूला..."

"तिला?" नाना पहिल्यांदा रागावले. "आरती म्हटली त्या दिवशी दृष्ट काढायची राहिली म्हणून मुकुंदा गेला, असं ती बाई आज पस्तीस वर्षं धरून बसलीय. आता तिला सांगू, काढलीस म्हणून देवाचं जेवण नासत होतं? तुला सांगणार होतो. काला झाला की एकटा गाठून. तू आधीच बोललास. चारचौघांत."

मी त्यांचे पाय धरले. म्हणालो, आत्ता चावडीवर जातो, सगळ्यांना सांगतो. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. सत्तरीतही चिमट्यासारखी पकड.

"चाळीस वर्षं जाळ मी घातला, भानुदास. धूर तिनं खाल्ला. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचो, ती काहिलीपाशी. तिच्या छातीत जे हाय ते मी भरलेलं हाय. डॉक्टर काय म्हणाला ते तू सांगितलं न्हाईस, पण तिचा खोकला मला ऐकू येतो की." मग हळू म्हणाले, "कीर्तन ऐकलं का तिनं?"

"ऐकलं."

"कुठलं होतं?"

"वणवा प्यायला देवानं, ते."

"ते चांगलं असतं," नाना म्हणाले. "आता तूबी डोळे मीट अन् गप बस. ती जिती हाय तवर ह्यातलं अक्षर बाहेर काढलंस तर माझ्या माळेची आण हाय तुला."

मी काकूला एवढंच म्हणालो, की दृष्टीचं मीठ यंत्रात टाकू नये, त्याला खरा निखारा लागतो. तिला ते पटलं. पुढल्या सालापासून भट्टीशेजारी मातीचं एक लहान कुंडं ठेवायला लागलो, गोवरीचा निखारा घालून. मधली भट्टी परत कधी पिवळी झाली नाही. काकूनं आणखी अकरा काल्यांची आमटी केली आणि अकरा काल्यांची कीर्तनं भिंतीला कान लावून ऐकली.

नाना सप्ताहाला यायचे. मंडपाच्या बाहेर, चपला काढतात तिथं बसायचे, काला हातावर घ्यायच्या आधी उठून जायचे. गावानं त्यांना मातीनाना म्हणायला सुरुवात केली होती. चार वर्षांनी गेले तेव्हा भोंग्यावरूनही तेच नाव पुकारलं, कारण नव्या पिढीला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. तुमच्यापैकीही पुष्कळांनी 'अन्नात माती कालवणारा मातीनाना' म्हणून लेकरांना गोष्ट सांगितली असेल. मी ऐकत होतो. गप्प होतो. आण होती, पण 'माती' हा शब्द आधी माझ्याच तोंडून निघाला होता, हेही खरं.

काकू गेल्या माघात गेली. झोपेत, खोकला न येता. माझी आण सुटली.

टाळ वाजायला लागले बघा. चला, बुवा उभे राहतील. एक करा. काला घेऊन जाताना भट्ट्यांपाशी ते कुंडं दिसेल, त्यात निखारा ठेवलाय आणि शेजारी वाटीत खडेमीठ आहे. चिमूटभर मीठ त्यात टाका. जाळ पिवळा होईल. तेवढा वेळ थांबा आणि त्यांचं नाव घ्या. मातीनाना नव्हे. केरूनाना.